एकमेकांच्या जिवावर उठलेल्या चौघांना नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं, पण ती आघाडी फुटली कशी?

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. आज हे गाव सगळ्यांना माहितीये ते कासवांमुळे. थंडी सरता सरता ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर येतात आणि ती समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची मंडळी गाड्या भरभरून येतात.

याच गावातल्या भानू घराण्यातला एक माणूस पुढे मराठेशाहीचा कारभारी झाला. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा आणि तोही साताऱ्याचा, पण घराणं मूळचं वेळासचं. पलीकडच्या श्रीवर्धनचे भट पेशवे झाले, त्यांच्यासोबत वेळासचे भानू देशावर आले आणि फडणिशी त्यांच्याकडे आली. फडणीस म्हणजे दौलतीच्या जमाखर्चाचा प्रमुख. कुठल्या सरदाराला किती सरंजाम, कुठल्या किल्ल्यावर किती माणूस, कुठून किती वसूल, हे सगळं त्याच्या नजरेखालून जायचं.

नाना लढवय्ये नव्हते. तलवार गाजवल्याची एकही गोष्ट त्यांच्या नावावर नाही. पण १७८० मध्ये त्यांनी असं काही जुळवून आणलं की कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत कंपनीच्या गोऱ्या साहेबांची झोप उडाली. पुणे, नागपूर, हैदराबाद आणि श्रीरंगपट्टण, अशी चार सत्तांची लष्करी आघाडी.

ही आघाडी उभी कशी राहिली आणि दोन वर्षांत ढासळली कशी, हे समजून घ्यायचं तर आधी थोडं मागं जावं लागेल.

आधी एक वेगळी युती झाली होती

१७५५ साली नाना तेरा वर्षांचे होते. तेव्हा पेशवे होते नानासाहेब. त्यांचं आणि तुळाजी आंग्र्यांचं अजिबात पटत नव्हतं. तुळाजींचं आरमार मोठं, समुद्रावर त्यांचा दरारा, आणि ते पेशव्यांना जुमानत नव्हते. तिकडे इंग्रजांच्या जहाजांनाही आंग्र्यांचा त्रास होताच.

मग पेशवे आणि मुंबईकर इंग्रज एकत्र आले. मार्च १७५५ मध्ये करार झाला आणि एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि तिथल्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. त्या स्वारीत रॉबर्ट क्लाइव्हही होता.

इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला खरा, पण त्याच्या बदल्यात बाणकोट घेतलं. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथला हा किल्ला. त्याचं नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं.

आता नकाशा बघा. बाणकोटपासून वेळास अवघ्या काही किलोमीटरवर आहे. म्हणजे पेशव्यांनी घरातल्या एका माणसाला धडा शिकवायला बाहेरचा मित्र बोलावला, आणि त्या मित्राने आपलं निशाण लावलं ते भानूंच्या गावाशेजारी. दर्यावर इंग्रजांना अडवणारं आरमार मात्र कायमचं गेलं.

युती कुणाशी करतोय यापेक्षा युती संपल्यावर तो कुठे बसलेला असेल, हे बघावं लागतं. हा धडा नाना पुढे आयुष्यभर गिरवणार होते. कधी बरोबर, कधी चूक.

पानिपतातून परतलेला पोरगा

वडील गेले तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. फडणिशी अंगावर आली. १७६१ साली ते पानिपतावर होते, सोबत आई आणि बायको. १४ जानेवारीला सगळं उधळलं. नाना कसेबसे जीव वाचवून परतले, बायकोही पुढे सुखरूप आली. आई मात्र त्या धुमाळीत गमावली, ती पुन्हा कधीच भेटली नाही. तेव्हा नानांना एकोणिसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं.

पानिपतात मराठे एकटे पडले होते. उत्तरेतला कुणीही मोठा राजा ऐन लढाईत सोबत उभा राहिला नाही. नाना पुढे कागदावर माणसं जोडत राहिले, त्याचं मूळ इथे शोधता येतं.

थोरल्या माधवराव पेशव्यांनी दौलत पुन्हा सावरली, पण १७७२ मध्ये ते गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवे झाले. खुनाचा संशय त्यांच्यावरच होता. सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके अशा कारभाऱ्यांनी मिळून राघोबांना बाजूला सारायचं ठरवलं. हेच ते बारभाईंचं कारस्थान. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर हलवलं गेलं आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने पेशवाईची वस्त्रं आली आणि दौलत चालवायची जबाबदारी कारभाऱ्यांवर पडली.

राघोबा गेले थेट इंग्रजांकडे. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी पेशवाई मिळवून देण्याच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. खरं तर ठाणं आणि साष्टी इंग्रजांनी आधीच बळकावली होती. पुढच्या वर्षी पुरंदरचा तह झाला, पण मुंबईकरांनी राघोबांना सोडलं नाही. नानांनी पुण्यात सेंट लुबिन नावाच्या फ्रेंच वकिलाची चांगली बडदास्त ठेवली, ती इंग्रजांच्या वकिलाला दिसेल अशी. फ्रेंच खरंच फौज देणार होते का, हा प्रश्न वेगळा. इंग्रजांना धास्ती बसली, नानांचं काम झालं.

शेवटी इंग्रज फौज राघोबांना घेऊन बोरघाट चढली. जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांनी आणि पुण्याच्या फौजेने तिला तळेगाव-वडगावच्या भागात घेरलं. वडगावला इंग्रजांनी शरणागतीचा करार केला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कलकत्त्यात बसलेल्या वॉरन हेस्टिंग्जने तो करार धुडकावला. बंगालमधून निघालेली कर्नल गॉडर्डची फौज अर्धा हिंदुस्थान ओलांडून सुरतेला पोहोचली आणि महादजींच्या ताब्यातून निसटलेले राघोबाही तिला जाऊन मिळाले.

नानांच्या लक्षात आलं की इंग्रजांना एका जागी हरवून उपयोग नाही. मुंबईत हरले तर बंगालची फौज येते, मद्रासला अडचण आली तर बंगालचा पैसा येतो. तीन तोंडांचा हा शत्रू. मग तिन्ही तोंडांवर एकाच वेळी घाव घातला तर?

चार शत्रू, एक आघाडी

कल्पना भारी होती. अडचण एकच, ज्यांना एकत्र आणायचं होतं ते सगळे एकमेकांचे शत्रू होते.

हैदरअलीवर माधवराव पेशव्यांनी स्वाऱ्यांवर स्वाऱ्या केल्या होत्या. नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात गोंधळ माजला, तेव्हा हैदरने मराठ्यांचा कृष्णेपर्यंतचा मुलूख घशात घातला होता. निजाम तर जुना वैरी. १७६० ला उदगीर, १७६३ ला राक्षसभुवन, दोन्ही ठिकाणी त्याने मराठ्यांकडून मार खाल्ला होता. नागपूरकर भोसले म्हणायला आपले, पण पुण्याशी त्यांचं कधी जमलं नाही. माधवरावांच्या काळात तर पेशव्यांच्या फौजेने नागपूर लुटलं होतं.

पण १७७९ साली या प्रत्येकाला इंग्रजांवर राग धरायला ताजं कारण मिळालं. नानांनी ते हेरलं.

हैदरशी इंग्रजांनी १७६९ मध्ये तह केला होता, संकटात एकमेकांना मदत करायची म्हणून. पुढे मराठे त्याच्यावर चालून गेले तेव्हा इंग्रज गप्प बसले. त्यात १७७९ मध्ये इंग्रजांनी माहे हे फ्रेंचांचं बंदर घेतलं. हैदरचा दारूगोळा तिथूनच यायचा.

निजामाची दुखरी नस होती गुंटूर. तो प्रांत त्याचा भाऊ बसालतजंग याच्याकडे होता. मद्रासकरांनी निजामाला न विचारता परस्पर बसालतजंगाशी बोलणं करून गुंटूर हातात घेतलं.

मुधोजी भोसल्यांचा कटक प्रांत बंगालला लागून होता. इंग्रज आणखी वाढले तर आपलं काय, ही काळजी त्यांनाही होतीच.

नानांनी वकील धाडले, पत्रांवर पत्रं गेली. सगळ्यात मोठा सौदा हैदरशी झाला. कृष्णेच्या दक्षिणेचा त्याने घेतलेला मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचा आणि मागच्या खंडणीचा हट्ट सोडायचा. म्हणजे ज्या मुलखासाठी मराठ्यांनी रक्त सांडलं, त्यावर तूर्त पाणी सोडायचं. पुण्यात हे सगळ्यांना रुचलं असेल असं नाही, पण नानांचा हिशोब साधा होता. मुलूख पुन्हा मिळवता येईल, इंग्रज एकदा पुण्यात बसला की उठणार नाही.

१७८० च्या सुरुवातीला आराखडा ठरला. हैदरने कर्नाटकात, म्हणजे आर्काटच्या बाजूने मद्रासवर जायचं. निजामाने आंध्रच्या किनाऱ्यावरचे उत्तर सरकार प्रांत घ्यायचे. भोसल्यांनी बंगालवर चढाई करायची. पुणेकरांनी आणि शिंदे-होळकरांनी गुजरात आणि कोकणात गॉडर्डला रोखायचं.

आघाडीने दणका दिला

जुलै १७८० मध्ये हैदर घाट उतरला. सप्टेंबरमध्ये पोल्लिलूरला त्याने आणि टिपूने कर्नल बेलीची अख्खी तुकडी कापून काढली. तोवर हिंदुस्थानात इंग्रजांना इतका मोठा मार क्वचितच बसला होता. मद्रासपर्यंत घबराट पसरली, काही आठवड्यांत आर्काटही पडलं.

पश्चिमेला मात्र मराठ्यांची ओढाताण सुरू होती. फेब्रुवारीत गॉडर्डने अहमदाबाद घेतलं होतं. ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपहॅमने एका रात्रीत ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि डिसेंबरमध्ये वसई पडली. पण १७८१ मध्ये गॉडर्ड बोरघाटाकडे आला तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकरांनी त्याला जेरीस आणलं. मोठं नुकसान सोसून तो परत फिरला.

कागदावर बघितलं तर आघाडी जिंकत होती. हेस्टिंग्जने ओळखलं की चौघांशी एकदम लढणं परवडणार नाही. मग त्याने चौघांना वेगवेगळं गाठलं.

आघाडी कशी फुटली?

पहिला गळाला निजाम. हेस्टिंग्जने मद्रासकरांचे कान उपटले आणि गुंटूर परत द्यायला लावलं. निजामाचा राग तेवढ्यापुरताच होता. कारण संपलं, निजाम घरी बसला.

दुसरे भोसले. मुधोजींचा मुलगा चिमणाजी मोठी फौज घेऊन निघाला, पण रमतगमत कटकला पोहोचला. ना बंगालवर हल्ला, ना माघार. पुण्याला दाखवायला स्वारी आणि इंग्रजांशी बोलायला वाव. हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले आणि तो धोका टळला. एवढंच नाही, कर्नल पिअर्सची इंग्रज फौज भोसल्यांच्याच मुलखातून हैदरशी लढायला मद्रासकडे गेली. ज्याने बंगाल पेटवायचं त्याच्याच दारातून शत्रूची कुमक निघून गेली.

तिसरे महादजी. माळव्यात इंग्रज त्यांच्या घरापर्यंत पोहोचले होते. १७८१ च्या सुरुवातीला कर्नल कॅमॅकने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. ग्वाल्हेर तर हातचं गेलंच होतं. १३ ऑक्टोबर १७८१ ला महादजींनी आपल्यापुरता तह केला आणि पुणे व इंग्रज यांच्यात मध्यस्थी करायचं कबूल केलं. त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा. पुणं वाचवायला ते उत्तरेतलं आपलं सगळं पणाला लावत होते. पण नानांना वाटलं, आघाडीचा निर्णय एका सरदाराच्या छावणीत होतोय.

राहिला हैदर. जुलै १७८१ मध्ये आयर कूटने पोर्टोनोव्होला त्याचा पराभव केला, तरी तो लढत राहिला. चौघांत सगळ्यात कमी भरवशाचा वाटणारा हा माणूस शेवटपर्यंत मैदानात होता.

१७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह झाला. राघोबांना पेन्शन आणि पेशवाईवरचा दावा कायमचा बंद. वसई परत, साष्टी इंग्रजांकडे. आणि एक बोचरं कलम असं की हैदरने जिंकलेला मुलूख इंग्रजांना सोडावा, ही जबाबदारी पेशव्यांवर. म्हणजे कालच्या दोस्ताला आज आपणच मागे ओढायचं.

नानांनी या तहाला मान्यता द्यायला कित्येक महिने लावले. हैदरला मैदानात सोडून सही करायची नाही, आणि जमलं तर ताणून धरून साष्टीही परत मिळवायची, असा डाव होता. पण ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. त्यानंतरच पुण्याने मान्यता दिली आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये कागदांची देवाणघेवाण झाली.

मग आघाडी फसली का? पूर्ण नाही. तिच्यामुळेच राघोबा पेशवे झाले नाहीत, वसई परत आली आणि पुढची जवळपास वीस वर्षं मराठे-इंग्रज युद्ध झालं नाही. पण इंग्रजांना हिंदुस्थानातून हाकलायची अशी संधी पुन्हा आली नाही.

दोष कुठे होता, तर चौघांचा शत्रू एक असला तरी भीती एक नव्हती. निजामाला गुंटूर हवं होतं, भोसल्यांना पैसा आणि कटक, महादजींना उत्तर, हैदरला कर्नाटक. चौघांचा एक सेनापती नव्हता, एक तिजोरी नव्हती. कुणी माघार घेतली तर बाकीच्यांनी काय करायचं याचं उत्तर नव्हतं. आज नाटोसारख्या करारात एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला हे लिहून ठेवलंय, आणि तरीही ऐन वेळी सगळे येतील का ही चर्चा थांबत नाही. नानांकडे तर फक्त पत्रं होती. पुण्याहून श्रीरंगपट्टणला पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत युद्धाचं चित्र पालटलेलं असायचं.

दुसरीकडे कंपनीतही भांडणं होतीच. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याचं एकमेकांशी पटत नव्हतं. पण तहावर शेवटची सही कलकत्त्याची चालायची. तेवढा फरक पुरला.

मग नानांनीच पारडं बदललं

गोष्टीचा अवघड भाग इथून सुरू होतो. १७९० मध्ये नानांनी पुन्हा आघाडी केली. या वेळी सोबत निजाम आणि इंग्रज, आणि समोर हैदरचा मुलगा टिपू.

नानांकडे कारण होतं. १७८० मध्ये ज्या मुलखावर पाणी सोडलं तो परत हवा होता. टिपूशी मराठ्यांची १७८५ ते १७८७ अशी लढाईही होऊन गेली होती. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला तह झाला, टिपूचं निम्मं राज्य तिघांनी वाटून घेतलं आणि मराठ्यांची सरहद्द पुन्हा तुंगभद्रेला भिडली. हिशोबाने फायदा झाला, पण दक्षिणेत इंग्रजांना अडवू शकणारी दुसरी ताकद निम्मी झाली.

१७५५ मध्ये आंग्र्यांच्या बाबतीत जे झालं तेच इथे झालं, फक्त आकाराने मोठं. नाना मूर्ख नव्हते. घरच्या शेजाऱ्याशी जुनं भांडण आणि लांबचा धोका यात माणसाला भांडण आधी दिसतं, ते त्यांनाही दिसलं.

फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. दोघांचं आयुष्यभर पटलं नाही, पण एकमेकांवाचून चाललंही नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन एकत्र येऊन निजामाविरुद्ध लढले. मराठे सरदार एका झेंड्याखाली लढल्याची ही शेवटची मोठी वेळ. नानांच्या कारकिर्दीचा हा कळस होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून दगावले. वय अवघं एकवीस. ज्या बाळासाठी नानांनी सगळा डाव मांडला तेच गेलं. त्यांना नानांनी फार धाकात ठेवलं, असं तेव्हाही बोललं गेलं आणि आजही बोललं जातं.

आता वारसा गेला राघोबांच्या मुलाकडे, दुसऱ्या बाजीरावांकडे. पुण्यात कुणावर विश्वास ठेवावा कळेना, तेव्हा १७९६ मध्ये नाना जीव वाचवायला कोकणात उतरले, महाडला. सावित्रीच्या काठी. हीच नदी पुढे बाणकोटला समुद्राला मिळते, तिथून वेळास जवळ. तिथे बसून त्यांनी पुन्हा पत्रं लिहिली आणि निजाम, शिंदे, भोसले यांना आपल्या बाजूने वळवलं. किंमत म्हणून खर्ड्याला मिळवलेलं निजामाला परत द्यायचं ठरलं. नाना पुण्यात परतले, पण आता आघाडी दौलतीसाठी नव्हती, स्वतःच्या खुर्चीसाठी होती.

ती टिकली नाही. ३१ डिसेंबर १७९७ ला शिंद्यांच्या छावणीत त्यांना दग्याने पकडून नगरच्या किल्ल्यात टाकलं. पुढच्या वर्षी सुटले, पुन्हा कारभारात आले, पण जोर उरला नव्हता. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. मे १७९९ मध्ये टिपू पडला. तैनाती फौज पुण्यात मात्र येऊ द्यायची नाही, यावर नाना अडून राहिले. १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आणि शेवट पुन्हा सुवर्णदुर्गावर

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला बाजीराव आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले ते कोकणात. महाडवरून हर्णैच्या सुवर्णदुर्गावर आले, आणि तिथल्या किनाऱ्यावरून इंग्रजांच्या जहाजाने वसईला गेले. ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी वसईचा तह केला आणि तैनाती फौज मान्य केली. नाना जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती.

पेशव्यांनी इंग्रजांसोबत पहिली मोहीम केली ती सुवर्णदुर्गावर, १७५५ ला. आणि सत्तेचाळीस वर्षांनी पेशवा इंग्रजांच्या जहाजात बसला तोही तिथूनच.

या दोन तारखांच्या मधे नाना उभे होते. इंग्रजांविरुद्ध चौघांना एकत्र आणता येतं हे त्यांनी दाखवून दिलं, आणि चौघांना एकत्र ठेवणं किती अवघड असतं हेही त्यांनाच भोगावं लागलं. पुढच्या वेळी कासवं बघायला वेळासला गेलात, तर वाटेत बाणकोटचा किल्लाही बघून या.